मेजर, उतरा

लीड्स
८ सप्टेंबर २०२४

दियाबाई,

पत्रास कारण तूच. तुझं कार्ड पोचलं. पुढं बदकाचं चित्र आणि मागं तीन वाक्यं, त्यात चुकाच चुका. "आजी, मला एक नॉमिनेशन पाहिजे. ती मिळाला नाही तर माझा सगळं संपला. बाबाला फोनवर बोलू नको."

म्हणजे मी इथं तुझ्या मीनलआत्याच्या घरी धडधाकट बसलेय, सकाळी चहात बुडवून दोन टोस्ट खातेय, आणि ब्रॅकनेलमध्ये माझ्या नातीला नॉमिनेशनची घाई झालीय. अगं, आमच्याकडं नॉमिनी म्हणजे माणूस गेल्यावर ज्याला मिळतं तो. बँकेतला पोरगा गोड हसून विचारतो, "आजी, नॉमिनी कोण घालू?" म्हणजे त्याला विचारायचं असतं, तुम्ही मेल्यावर कोण येणार भांडायला.

आता माझ्याकडं आहे काय? नथ आहे, ती तुझ्या आत्याची. पितळी डबा आहे, तो तुझ्या बापाला नको, घरात म्हणे मॅच होत नाही. राहिल्या मागच्या दारातल्या मेथीच्या कुंड्या. त्या तुला. सही कुठं करू?

फोन नको म्हणालीस ते बरं केलंस. तुझा बाप, पुष्कर, मला स्पीकरवर टाकतो आणि मग मी भाषण केल्यासारखी बोलायला लागते. कार्ड आलं तेव्हा मीनल म्हणाली, कुणाचं ते? म्हणलं, माझ्या बॉयफ्रेंडचं. तिनं चहा परत गरम करायला ठेवला.

नीट लिही. सगळं लिही. चुका असू देत, मला तेवढीच करमणूक.

तुझी
आजी

*

ब्रॅकनेल
१५ सप्टेंबर

प्रिय आजी,

तू मरायचा विषय काढू नको. मी किचनमध्ये इतका हसली की आईला दाखवावा लागला. आईला माहीत आहे. बाबाला नाही.

हा नॉमिनेशन वेगळा आहे. मला अमेरिकेतल्या मिलिटरी अकॅडमीमध्ये जायचं आहे. चार वर्षं शिकायचं आणि मग ऑफिसर. तू म्हणशील, घराजवळ सँडहर्स्टची मिलिटरी अकॅडमी आहे, तिथे जा. माझा बस रोज त्या साइनबोर्डवरून जातो. पण मी ओहायोमध्ये जन्मली, माझा पासपोर्ट फक्त अमेरिकन आहे, आणि इथली आर्मी मला घेणार नाही.

तिथे मार्क्स पाहिजेत, रनिंग, पुल-अप्स, मेडिकल. ते सगळं मी करते. पण ते पुरत नाही. आपण जिथले आहोत तिथल्या खासदाराने सांगावा लागतं की ही मुलगी आमच्याकडून. तोच नॉमिनेशन. तो नसेल तर मी कितीही फास्ट पळाली तरी उपयोग नाही. ओहायोचा आपला घर अजून बाबाच्या नावावर आहे, म्हणून मी तिथून अप्लाय करू शकते. त्यांच्या ऑफिसला विचारलं, ते हो म्हणाले. पण जागा थोडे आणि मुलं खूप.

निबंध लिहायचा आहे, आणि मग इंटरव्ह्यू. विचारतात, घरात कोण आर्मीत होतं का. आजोबा होते ना? आपण गावी गेलो होतो तेव्हा सगळे म्हणत होते, मेजरची नात आली. ते मेजर होते? बाबा ह्या विषयावर काहीच बोलत नाही. विचारलं की डिशवॉशर उघडतो.

तुझी दिया

*

लीड्स
२२ सप्टेंबर

दियाबाई,

"माझा बस", "आपला घर". बसला बाई कर, घराला ना बाई ना बाप्या, आणि तू बाई आहेस हे मात्र विसरू नको, "मी हसला" लिहिशील एक दिवस.

खासदार म्हणलीस ना, मग मी गप्प कशी बसणार? खासदार इथंपण आहे. दारात कागद पडला होता, शनिवारी लायब्ररीत खासदाराची सर्जरी. मला वाटलं, बघा, इथले खासदार गुडघेपण बघतात. शेजारच्या मिसेस हॉलरॉइडला घेऊन गेले. तिला माझं बोलणं कळत नाही, मला तिचं नाही, त्यामुळं आमचं कधी भांडण होत नाही.

तर सर्जरी म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायची बैठक निघाली, आणि खासदार नव्हताच. एक पोरगेला माणूस बसला होता, टाय सैल केलेला. त्याला मी म्हणलं, नात, सोल्जर, नॉमिनेशन प्लीज. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि मिसेस हॉलरॉइडला हळू आवाजात समजावलं की हे प्रकरण अमेरिकेचं दिसतंय, ते आमच्या हातात नाही. मला वाईट वाटलं असं बघून विचारलं, दुसरी काही तक्रार? मी म्हणलं, ब्राऊन बिन, बागेतल्या कचऱ्याचा डबा, वेळेवर नेत नाहीत. तर तुझं नॉमिनेशन काही आणलं नाही, पण मीनलचा पालापाचोळा आता वेळेवर जातो.

आणि आजोबा मेजर होते का, असं काय विचारतेस? मेजर तर होतेच. अख्खं गाव मेजर म्हणायचं. दुकानदार, मास्तर, एसटीचा कंडक्टर. मीसुद्धा चारचौघांत मेजरच म्हणायचे. नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, "अहो" म्हणून हाक मारली की शेजारचाही वळायचा, मग मेजर बरं पडलं.

आता मला सांग. तिथं पोरींचे केस कापतात का? पहाटे उठवतं कोण? तू तर आईनं पांघरूण ओढल्याशिवाय उठत नाहीस. जेवायला भाजी असते का नुसतं मांस? सलाम आधी कुणी कुणाला करायचा, आणि चुकून दोघांनी एकदम केला तर हात खाली कुणी आधी घ्यायचा? रायफल वजनाला केवढी असते, पाण्यानं भरलेल्या कळशीएवढी का कमी?

आजी

*

ब्रॅकनेल
२० ऑक्टोबर

प्रिय आजी,

उशीर झाला, सॉरी. सगळं पाठवलं. निबंध, मार्क्स, टीचरचे पत्रं. आता फक्त इंटरव्ह्यू, १६ नोव्हेंबरला, झूमवर.

तुझे प्रश्न. केस कापायची सक्ती नाही, घट्ट बांधायचे. उठवायला कोणी ओरडतं. भाजी असते पण तू तिला भाजी म्हणणार नाहीस. सलाम ज्युनिअरने आधी करायचा आणि सीनिअरने हात खाली घेईपर्यंत तसाच उभा राहायचा. रायफल कळशीपेक्षा हलकी आहे, पण कळशी घेऊन कोणी चिखलात झोपायला लावत नाही.

निबंध मस्त झाला. पहिलीच ओळ अशी आहे: "माझे आजोबा, मेजर शशिकांत जगदाळे, भारतीय सैन्यात होते." माझी इंग्लिश टीचर म्हणाली, हा ओपनिंग वाचून कोणीही पुढे वाचेल. मी लिहिलं की मला त्यांच्यासारखा ऑफिसर व्हायचं आहे. आजी, मला ते जास्त आठवत नाहीत, फक्त मिशी आणि पेरूचा वास. पण लिहिताना असं वाटलं की ते माझ्या मागे उभे आहेत.

अकॅडमीचा सगळ्यात मोठा नियम माहीत आहे का? खोटं बोलायचं नाही, फसवायचं नाही, चोरी करायची नाही, आणि जो करतो त्याला पाठीशी घालायचं नाही. एका खोट्यावर घरी पाठवतात. मला हा नियम सगळ्यात जास्त आवडतो.

तुझी दिया

*

लीड्स
२४ ऑक्टोबर

दिया,

तुझं पत्र वाचून आधी हसले. मग चष्मा पुसून परत वाचलं, तेव्हा हसू गेलं.

बाळा, तुझे आजोबा नाईक होते. आडनावानं नाही, फौजेतले नाईक. ट्रक चालवायचे. नाईकाच्या वर हवालदार, त्याच्या वर सुभेदार, आणि त्याच्याही वर कुठंतरी साहेबलोक सुरू होतात. मेजर हा त्या साहेबांतला साहेब. आजोबांनी आयुष्यभर मेजरला सलाम ठोकला, हात कधी आधी खाली घेतला नाही.

पण आमच्या गावात फौजेतून सुट्टीवर नाहीतर पेन्शन घेऊन जो आला तो मेजर. ट्रक चालवो, भाकऱ्या थापो नाहीतर केस कापो. घराआड एक मेजर. एसटी थांब्यावर आली आणि कंडक्टर ओरडला, "मेजर, उतरा", की निम्मी गाडी उठून उभी राहायची. खराखुरा मेजर गावात एकदाच आला, जीप घेऊन, आजोबांना भेटायला. त्याला सगळे साहेब म्हणाले. मेजर म्हणायला जीभ कुणाची वळली नाही.

मी तुला लिहिलं, मेजर तर होतेच. मला वाटलं तुला माहीत आहे. तुला वाटलं मला माहीत आहे.

आता तू काय करायचं ते मी सांगणार नाही. तिकडच्या खासदाराला आमचा एसटी थांबा कुठून ठाऊक असणार. त्यांना कळायचं नाही. पण नियम तूच मला लिहिलास. हे खोटं का नुसती चूक, ते मला सातवी शिकलेल्या बाईला काही ठरवता येईना. तुला ठरवता आलं तर मलापण कळव.

आजी

*

लीड्स
९ नोव्हेंबर

दियाबाई,

पत्र नाही. पुष्कर फोनवर म्हणाला, दिया सकाळी पळायला जाते आणि घरात कुणाशी बोलत नाही. मी म्हणलं, पळू दे, बोलण्यापेक्षा बरं. त्याला अजून काही ठाऊक नाही, मी काही फोडलं नाही. जिभेवर येतंय पण फोडलं नाही.

मेथी वाळवून पाकिटात घातलीय. पोस्टातल्या बाईनं हुंगून दोनदा माझ्याकडं बघितलं.

रागावली असशील तर रागाचं पत्र पाठव. रागात तू जास्त चुका करतेस.

आजी

*

ब्रॅकनेल
१७ नोव्हेंबर

प्रिय आजी,

मी खूप रागावली होती. तुझ्यावर, आजोबांवर, कंडक्टरवर. सगळ्यात जास्त माझ्यावर, कारण मी फक्त एकदा विचारलं आणि मला जे पाहिजे होतं ते ऐकलं.

आधी मी ठरवलं की काही करायचं नाही. ती चूक होती, खोटं नव्हतं. मग तुझं पत्र परत वाचलं आणि कळलं की ते पत्र येईपर्यंत चूक होती. आता मला माहीत आहे, म्हणजे आता ठेवलं तर खोटं. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

ऑफिसला ईमेल केला. नाईक, ट्रक ड्रायव्हर, सगळं लिहिलं. एका ओळीचं उत्तर आलं, मिळाला, फाइलमध्ये ठेवला. बस. मग इंटरव्ह्यूपर्यंत मला वाटत होतं ते कॅन्सल करतील.

काल झाला. चार माणसं होती. एक म्हातारे रिटायर्ड कर्नल, त्यांच्या समोर माझा निबंध आणि ईमेल दोन्ही. त्यांनी पहिलाच प्रश्न तोच विचारला. मी एसटीचं सांगितलं, निम्मी गाडी उठते ते. मला वाटलं हसतील. कोणी हसलं नाही. कर्नलने विचारलं, मग ते ट्रक कुठे चालवत होते? मला माहीत नव्हतं. मी म्हणाली, माहीत नाही, आजीला विचारून सांगते. त्यांनी काहीतरी लिहिलं.

मग एक बाई म्हणाल्या, "तू सांगितलं नसतंस तर आम्हाला कधीच कळलं नसतं. मग का सांगितलंस?"

मी खूप छान उत्तर पाठ केलं होतं, सगळं विसरली. मी म्हणाली, "माझ्या आजीला माहीत आहे."

आजी, मला नाही वाटत मला मिळेल. बाकी मुलांचे आजोबा खरे कर्नल असतील.

आणि अजून एक. कॉल संपला, दार उघडलं, तर बाबा जिन्यावर बसला होता. त्याने सगळं ऐकलं. मला वाटलं आता ओरडेल. तो म्हणाला, "लडाख. लडाखला चालवायचे ट्रक." आणि खाली जाऊन डिशवॉशर उघडला. तो रिकामा होता. बाबा असा का आहे?

तुझी दिया

*

लीड्स
२१ नोव्हेंबर

दियाबाई,

त्या बाईला दिलेलं उत्तर मीनलला वाचून दाखवलं. आता तिलापण सगळं कळलं, माझा बॉयफ्रेंड कोण तेही. ती रडली. मी नाही. मी पत्रातल्या चुका मोजत होते, म्हणजे तसं दाखवत होते.

बाबा असा का, ते ऐक. आजोबा वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. कधी येणार ते पत्रात असायचं, पण पत्र त्यांच्यानंतर पोचायचं. त्यामुळं पुष्करला काय वाटायचं, प्रत्येक एसटीत बाप असणार. शाळा सुटली की थांब्यावर. कंडक्टर ओरडायचा, "मेजर, उतरा", आणि हा धावायचा. उतरायचा दुसऱ्याच कुणाचा तरी बाप. त्याला त्याची पोरं येऊन चिकटायची, आणि हा दप्तर घेऊन घरी. येऊन माझ्याशी बोलायचा नाही, सरळ भांडी घासायला बसायचा. मी म्हणायचे, गुणाचं पोरगं. मला काय कळत होतं?

डिशवॉशर रिकामा होता म्हणतेस ना. त्याला थोडी भांडी दे आता.

कर्नलला लडाख कळव. बाकी नॉमिनेशनचं मला काय विचारतेस, माझं सगळं वजन ब्राऊन बिनमध्ये खर्च झालं. पण रोज पोस्टमनला खिडकीतून बघते. त्याला वाटतं माझं त्याच्यावर मन आहे. असू दे, त्याला तेवढाच आनंद.

आजी

*

ब्रॅकनेल
१७ डिसेंबर

आजी,

मिळालं.

नॉमिनेशन मिळालं. मिळाला नाही, मिळालं. आई म्हणाली की निदान हे वाक्य तरी तुला बरोबर पाठव.

अकॅडमी अजून हो म्हणालेली नाही, ते वसंतात कळेल. पण आता ते माझा फॉर्म बघतील, माझं रनिंग बघतील, सगळं बघतील. खासदाराच्या ऑफिसमधून फोन आला होता. फोनवरची बाई म्हणाली, कर्नलने माझ्या कागदावर फक्त एक ओळ लिहिली होती: "हिला ट्रकबद्दल विचारा."

बाबाला मीच सांगितलं. तो बाहेर गेला आणि गाडीत बसला, इंजिन बंद, बराच वेळ. मी पण जाऊन शेजारच्या सीटवर बसली. मग त्याने सांगितलं की आजोबा घाटात वळण आलं की हॉर्न दोनदा वाजवायचे, एकदा समोरच्यासाठी आणि एकदा देवासाठी. हे त्याने मला पहिल्यांदा सांगितलं. मग म्हणाला, "सुट्टीवर येशील तेव्हा आधी कळव. पत्राने नको."

आजी, आता तू मला मेजर म्हणशील?

तुझी दिया

*

लीड्स
२० डिसेंबर

दियाबाई,

नाही म्हणणार.

तोंड पाडू नको, ऐक. तुझं पत्र आलं तेव्हा मी मिसेस हॉलरॉइडच्या दारावर थाप मारली आणि म्हणलं, नॉमिनेशन, यस. तिनं मला मिठी मारली आणि केक कापला. तिला बहुतेक वाटतंय आपला खासदार कामाचा निघाला. मीनलनं शिरा केला, जळका, कारण करता करता ती पुष्करशी फोनवर बोलत होती. स्पीकरवर नाही. दोघं बहीणभाऊ आत दार लावून. मी दाराला कान लावला, पण काही ऐकू आलं नाही. ह्या देशात दारं फार जाड.

आता मेजरचं. गावात शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, तू लहान असताना तिच्यावर बोटं फिरवत होतीस. तिच्यावर लढाईत कामी आलेल्या गावच्या पोरांची नावं आहेत. एकाच्याही पुढं मेजर नाही. कधी कुणी त्यांना मेजर म्हणलंच नाही. कारण मेजर हा आमच्या गावानं दिलेला हुद्दा आहे, आणि तो फौजेत गेल्याबद्दल मिळत नाही. परत आल्याबद्दल मिळतो. जो एसटीतून आपल्या पायांनी उतरला तो मेजर. म्हणून कंडक्टर एवढ्या मोठ्यानं ओरडायचा. म्हणून मी चारचौघांत तुझ्या आजोबांना मेजर म्हणायचे. नाव घ्यायची पद्धत नव्हती हे खरं, पण "ऐकलं का" म्हणूनपण भागलं असतं.

तेव्हा तुझ्या निबंधातली पहिली ओळ आमच्या गावाच्या हिशोबानं बरोबरच होती. त्या कर्नलला हे सांगू नको, परत एक ईमेल लिहावा लागेल.

तू जा. केस घट्ट बांध. सलाम कर, हात आधी खाली घेऊ नको. मोठी साहेबीण हो, तिकडं तुला ते खरे मेजर करोत नाहीतर त्याच्याही वर काय असेल ते करोत, त्याचं मला काही नाही. माझा मेजर वेगळा. ती हाक मी राखून ठेवलीय. तू सगळं उरकून, ट्रंक घेऊन, ह्या लीड्सच्या बसमधून आमच्या कोपऱ्यावर उतरशील ना, तेव्हा मी ओरडेन. सगळी बस वळून बघेल एवढ्यानं.

त्याला वेळ लागेल, मला ठाऊक आहे. माझी तयारी आहे. मेथी तुझ्याच नावावर आहे, त्यात बदल नाही, पण ती मिळते नॉमिनी म्हणून, आणि तू मेजर होईपर्यंत मी काही जात नाही. वाट बघ.

आजी